तिसरं पेडल

मंडळाच्या पिकअपला आता तीन पेडलं आहेत, हे एव्हाना बहुतेक सभासदांना कळलं आहे. ज्यांना कळलं नसेल त्यांना ती हलवायला गेल्यावर कळेल. "दोन होती ती पुरत नव्हती का?" असं निदान सहा जणांनी आम्हाला विचारलं. प्रत्येकाला उभ्या उभ्या वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून काढा, असं संपादकांनी सुचवलं, म्हणून हा प्रपंच.

आधी गाडीविषयी. १९९३ सालची जपानी बनावटीची छोटी पिकअप, २.४ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, मागे सहा फुटी हौदा. भारतात परत गेलेल्या एका जुन्या सभासदांनी जाताना ती मंडळाला दिली. तिने आजवर गणपतीचं मखर, नाटकाचे फ्लॅट, कोजागरीची दुधाची पातेली, हॉलच्या खुर्च्या आणि एकदा हार्मोनियम-तबला व त्यांचे वादक असं सगळं वाहिलं आहे (वादक पुढे बसले होते). ओहायोच्या रस्त्यांवर हिवाळ्यात टाकतात ते मीठ तिने तीस वर्षं पचवलं. एप्रिल २०२४ मध्ये, ऐन पाडव्याच्या आठवड्यात, तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला. तसं आधीपासूनच दुसरा गिअर घ्यायला ती आढेवेढे घेत होती, तेलाला जळकट वास येत होता. शेवटी हॉलच्या चढावर इंजिन नुसतं ओरडत राहिलं आणि गाडी जागची हलेना.

नव्याने बांधलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून द्यायचे २८०० डॉलर सांगितले गेले. कार्यकारिणीत अर्थातच तीन मतं पडली. गाडी विकून टाकावी, दर कार्यक्रमाला भाड्याचा ट्रक आणावा, किंवा वर्गणी काढावी. तेवढ्यात आमच्यापैकी एकाला जंकयार्डमध्ये त्याच वर्षाची, त्याच बनावटीची पिकअप दिसली. मागून धडक बसलेली, हौदा चेपलेला, पण पुढचं सगळं शाबूत आणि गिअरबॉक्स पाच गिअरचा, हाताने टाकायचा. अख्ख्या गाडीचे साडेअकराशे डॉलर. खजिनदारांचा चेहरा जरा सैल झाला.

मग खरा प्रश्न आला: क्लचची गाडी चालवणार कोण? भारतातून आलेल्यांना क्लच येतोच, असं आपण धरून चालतो, पण ते खरं नाही. आपल्यातले कितीतरी जण बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी दोन बॅगा घेऊन विद्यापीठात उतरले. तोवर त्यांनी सायकल, लूना, फार तर स्कूटर चालवलेली. स्टिअरिंग पहिल्यांदा हातात आलं ते इथे, ऑटोमॅटिकचं. गाडीवर काम करणाऱ्या बारा स्वयंसेवकांत हात वर करायला सांगितले तेव्हा पाचच वर आले. "पाच पुरेत, बाकीच्यांना शिकवू," असं आम्ही म्हटलं आणि ठराव एका मताने पास झाला. एकमताने नव्हे, एका मताने.

आता काकांविषयी. मंडळातल्या एका सभासदांचे वडील मे महिन्यात सहा महिन्यांसाठी आले होते. एस.टी.च्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत त्यांची छत्तीस वर्षं गेली. आपल्याकडे आलेल्या आईवडिलांचं काय होतं ते आपण सगळेच जाणतो. पहिले पंधरा दिवस नायगारा आणि ओळखीच्यांकडची जेवणं. मग सकाळी आठ वाजता घर रिकामं होतं. आई स्वयंपाकघर ताब्यात घेते, तिचं निभतं. वडिलांना ताब्यात घ्यायला काही मिळत नाही. काका खिडकीशी बसून समोरच्या घरी कचऱ्याची गाडी किती वाजता येते ते वहीत लिहू लागले होते. त्यांच्या सुनेने हे आम्हाला हसत हसत सांगितलं, पण तिला ते हसण्यासारखं वाटत नव्हतं. जूनच्या पहिल्या शनिवारी ते गॅरेजमध्ये आले, दोन्ही गाड्यांभोवती एक फेरी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "घोड्या किती आहेत?"

घोड्या म्हणजे गाडी उचलल्यावर खाली लावायचे स्टँड. दोन होत्या. काका म्हणाले, चार झाल्याशिवाय कोणीही खाली जायचं नाही, जॅकवर गाडी नुसती उचलायची, टेकवायची घोडीवर. त्या दिवशी काम झालं नाही, घोड्या विकत आणल्या गेल्या.

गिअरबॉक्स काढण्या-बसवण्याबद्दल फार लिहीत नाही. तीन शनिवार-रविवार गेले. काम जड होतं, पण अवघड नव्हतं. दुसऱ्या गाडीतून फ्लायव्हील, मागचा शाफ्ट, गिअरची दांडी, इंजिनाचा कॉम्प्युटर आणि वायरिंग असं सगळं जसंच्या तसं घेतलं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि क्रँकच्या टोकातलं छोटं पायलट बेअरिंग नवीन आणलं. जुन्या प्लेटवरची धूळ मात्र आम्ही हवेने उडवू दिली नाही. जुन्या क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकलं. काकांना हे थोडं सोवळंओवळं वाटलं. पण दापोडीत किती जणांना खोकला होता याची आठवण त्यांनीच काढली आणि मग ते गप्प बसले.

सगळ्यांना वाटलं होतं की गिअरबॉक्स बसला म्हणजे झालं. पेडल काय, दोन बोल्टांचं काम. प्रत्यक्षात जुलै आणि ऑगस्ट त्या पेडलाने खाल्ले.

पेडल बसतं फायरवॉलवर. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये जो उभा पत्रा असतो तो. त्यावर आतल्या बाजूने पेडलाची ब्रॅकेट आणि बाहेरच्या बाजूने क्लचचा मास्टर सिलिंडर. तिथे काम करायचं म्हणजे सीट काढून उताणं झोपायचं, डोकं ब्रेकच्या पेडलाखाली, पाय दाराबाहेर. काकांचे गुडघे आणि मान दोन्ही नाही म्हणाले. आमची पोटं आडवी आली. उरला काकांचा सोळा वर्षांचा नातू, जो इतका वेळ हौद्यात बसून फोन बघत होता. तो सळसळीत अंगाचा, आत सहज गेला. काका दाराबाहेर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले आणि आतलं काही न दिसता नुसत्या आवाजावरून सांगू लागले.

काकांचं इंग्रजी दुकानापुरतं, नातवाचं मराठी जेवणापुरतं. पहिल्या दिवशी आम्ही मध्ये दुभाषे होतो. "आजोबा म्हणतायत की आटे गेलेत." "व्हॉट इज आटे?" मग बोल्ट हातात देऊन त्यावरची वळणं दाखवायची. तिसऱ्या शनिवारी दुभाष्यांची गरज संपली होती. पाना, पक्कड, वायसर, आटे, फर्मा, घोडी हे शब्द आमच्या रविवारच्या मराठी वर्गाच्या कुठल्याही पाठात नाहीत. वर्गात अजून आगगाडी आणि आंबा चालू आहे. हा मुलगा त्या वर्गातून दोन वर्षांपूर्वी गळला होता, हे वर्ग चालवणाऱ्यांपैकीच आम्ही असल्याने आम्हाला चांगलं माहीत होतं. आता तो आतून ओरडत होता, "आजोबा, वायसर पडला!" व्याकरण तपासायला कोणाला सवड नव्हती.

काकांनी क्लचच्या आधी ब्रेकला हात घालायला लावला. ऑटोमॅटिक गाडीचं ब्रेकचं पेडल चांगलं रुंद असतं. त्याच्या डावीकडे क्लचचं पेडल लावलं तर मध्ये बुटाला जागा उरत नाही, आणि घाईत डावा पाय दोन्हींवर पडतो. म्हणून दुसऱ्या गाडीतलं अरुंद पेडल आणायचं. म्हणजेच चालू, धडधाकट ब्रेक खोलायचा. आम्हाला ते जिवावर आलं होतं. रुंद पेडलाची डावी कड कापून घेऊ, असंही कोणी सुचवलं. काका म्हणाले, "क्लच नाही लागला तर फार तर गाडी हलणार नाही. ब्रेक नाही लागला तर ती थांबणार नाही. आधी कशाकडे बघायचं ते तुम्हीच ठरवा." ब्रेकच्या दांड्याची पिन नवी, तिच्यातली स्प्लिट पिन नवी. एकदा वाकवलेली स्प्लिट पिन सरळ करून परत घालायची नाही, हे त्यांनी नातवाकडून तीनदा म्हणवून घेतलं. पेडलाचा मोकळा खेळ जुन्याइतकाच आला, मागचे लाल दिवे पाय ठेवताच लागले आणि पाय काढताच विझले, तेव्हा कुठे क्लचची ब्रॅकेट हातात घ्यायला परवानगी मिळाली.

आमच्या गाडीच्या फायरवॉलवर क्लचच्या जागी भोकं नव्हती, नुसते खोलगट ठसे होते. ठशाच्या मधोमध ड्रिल चालवायला आम्ही तयार होतो. काका म्हणाले, फर्मा कुठे आहे? फर्मा दुसऱ्या गाडीतच होता. तिच्या फायरवॉलमधला, ब्रॅकेट आणि सिलिंडर बसत असलेला, वीतभर रुंद चौकोन ग्राइंडरने कापून काढला. नाहीतरी ती गाडी भंगारातच जायची होती. तो पत्रा आमच्या गाडीवर धरला, ब्रेकच्या बूस्टरच्या बोल्टावरून अंतर जुळवलं आणि मग भोकं पाडली. मधलं सव्वा इंची, बाजूची दोन बोल्टांची. ठशांच्या मध्यापासून ती दीडएक मिलिमीटर सरकून आली. मास्टर सिलिंडरचा दांडा सरळ न जाता तिरका गेला तर तो दट्ट्याला एका बाजूला ढकलतो आणि रबराची सील एकाच बाजूने झिजते. दीड मिलिमीटर म्हणजे थोडं नाही.

पेडल लागलं, वरखाली झालं, स्प्रिंगने परत आलं. ऑगस्टचा शेवट होता. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी. आम्हाला वाटलं जिंकलो. काकांनी देवघरातून उदबत्तीची एक काडी आणायला सांगितली.

ती काडी त्यांनी इंजिनाच्या बाजूला बॅटरीच्या तबकावर चिकटपट्टीने अशी लावली की तिचं टोक मास्टर सिलिंडरच्या अंगाला जेमतेम टेकेल. मग नातवाला पेडल दाबायला सांगितलं. सिलिंडर काडीला ढकलत पुढे आला आणि सोडल्यावर मागे गेला. सिलिंडर जागचा हलायला नको. तो हलत होता म्हणजे पत्राच लवत होता. मोजलं तर सुमारे दोन मिलिमीटर.

यात काय आहे ते आम्ही त्या रात्री कागदावर मांडून पाहिलं. पेडलाची दांडी वरच्या खिळीपासून पायापर्यंत २८ सेंटिमीटर, आणि सिलिंडरचा दांडा जिथे जोडतो ती पिन खिळीपासून साडेचार सेंटिमीटर. भागाकार केला की ६.२ येतात. म्हणजे पायाने दहा किलोचा जोर दिला तर दांडा पत्र्याला बासष्ट किलोने पुढे ढकलतो. त्याच वेळी वरची खिळ ब्रॅकेटला बावन्न किलोने मागे, चालवणाऱ्याकडे, खेचते. दोन्ही एकाच पत्र्यावर, चार बोटांच्या अंतरात. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. त्याला खरं तर ढकललं जात नाही, पिळलं जातं. आणि पत्रा दोन मिलिमीटर लवला की पायाशी त्याचे बारा मिलिमीटर वाया जातात, क्लच पुरता सुटत नाही, गिअर करकरतो. त्याहून वाईट म्हणजे तार वाकवून वाकवून तुटते तसा हा पत्रा भोकाच्या कडेपासून चिरत जातो. गावातल्या एका खेपेत शंभरेकदा क्लच दाबला जातो. दुसऱ्या गाडीतून कापलेल्या चौकोनावर आम्ही भिंग धरलं तेव्हा एका बोल्टाच्या भोकाशी केसासारखी चीर निघालीच.

अध्यक्षांचा फोन आला. मूर्ती शुक्रवारी आणायची आहे, मखर शनिवारी पहाटे हॉलवर पोचायला हवं, गाडी चालतेय असं ऐकलं, मग अडचण काय? एवढ्या दोन खेपा करा, पत्र्याचं नंतर बघा. मागणी गैर नव्हती. दोन खेपांनी काही झालंही नसतं, बहुधा. आमच्यातले दोघे तसं म्हणालेही. गाडीची किल्ली काकांच्या सदऱ्याच्या खिशात होती. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "गणपतीला घाई नाही. तुम्हाला आहे. कार्यशाळेतून गाडी बाहेर सोडली की ती माझ्या सहीने सुटते. मागच्या बाकावर कोण बसलंय ते मला दिसत नाही." आता ही काही एस.टी. नव्हती, मागे बाक नव्हता आणि सही कोणी मागितली नव्हती. पण किल्ली काही त्यांच्या खिशातून निघाली नाही आणि ती मागायला कोणी पुढे झालं नाही. मूर्ती एका मिनीव्हॅनच्या सीटा पाडून आली. मखर तीन गाड्यांत तुकड्या-तुकड्यांनी आलं आणि त्याचा एक खांब हॉलच्या दारात पुन्हा चिकटवावा लागला. महिला मंडळाकडून आम्हाला ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. गाडी काकांच्या शब्दावर थांबली तो निर्णय बरोबर होता, असं आम्हाला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. पण त्याची किंमत ज्यांनी पहाटे तीनला उठून दिली त्या आम्ही नव्हतो, हेही नोंदवून ठेवायला हवं.

गणपतीनंतर तीन मिलिमीटरची पोलादी प्लेट आली. शेजारचे निवृत्त गृहस्थ पूर्वी कारखान्यात साचे बनवत. त्यांनी फर्म्यावरून ती कापून, भोकं पाडून, कोपरे गोल करून दिली. (टोकदार कोपऱ्यापासून चीर सुरू होते, हे काका आणि ते एकमेकांना खुणांनी सांगत होते आणि दोघांचं एकमत होतं.) प्लेट इंजिनाच्या बाजूने सिलिंडरखाली, आणि आतून ब्रॅकेटपासून डॅशबोर्डच्या आडव्या पट्टीपर्यंत एक तिरका टेकू. कापलेल्या कडांना जस्ताचा प्रायमर आणि फटींना सीलंट. एक तर मिठाचं पाणी, आणि दुसरं म्हणजे इंजिनाकडची हवा बसायच्या जागेत यायला नको. पुन्हा काडी लावली. टोक जागचं हलल्यासारखं वाटलं न वाटलं.

बोल्टांवरून एक छोटा वाद झाला. काकांचा विश्वास चेकनटवर, म्हणजे एका नटावर दुसरा आवळून. आम्ही पोटापाण्यासाठी रसायनशास्त्र करतो, म्हणून आमचा विश्वास आट्यांवर टाकायच्या थेंबावर. हा थेंब १९५३ साली हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या व्हर्नन क्रीबल यांनी शोधला. बाटलीत, हवा लागत असताना तो पातळ राहतो. नट आणि बोल्टाच्या मध्ये सापडला, प्राणवायू मिळेनासा झाला आणि लोखंडाचा स्पर्श झाला की घट्ट होतो. काकांनी थेंब टाकू दिला. वर चेकनटही लावला.

मग क्लचचं तेल. याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो, पण यात तेल नावालाही नाही. काकांनी त्यांच्या उस्तादांकडून ऐकलं होतं की फार पूर्वी यात एरंडेल असायचं. ते खरं आहे. सुरुवातीच्या काळात एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण वापरत. आताचं डॉट ३ हे ग्लायकॉल ईथर जातीचं. ते हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे महिनोन् महिने उघडी राहिलेली बाटली वापरू नये. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी गेल्यावरची किमान मर्यादा १४० अंश. ब्रेकमध्ये हा फरक जिवाशी येऊ शकतो. क्लचमध्ये तितका नाही, पण ओलीने सिलिंडर आतून गंजतो. हे तेल रंगावर सांडलं तर रंग उकलतो, पण पाण्यात विरघळत असल्याने लगेच भरपूर पाण्याने धुतलं तर वाचतो. आणि इंजिनाचं किंवा गिअरचं तेल चुकूनही या टाकीत घालू नये. सीलचं रबर खनिज तेलात फुगतं आणि मग मास्टर, स्लेव्ह, दोन्ही बदलावे लागतात. गाडीला कोणीही 'मदत' करण्याआधी कृपया एवढं वाक्य पुन्हा वाचावं.

दोन्ही सिलिंडरांच्या अंगावर इंचातले आकडे ओतलेले असतात. मास्टरवर ५/८, खाली गिअरबॉक्सवरच्या स्लेव्हवर १३/१६. म्हणजे व्यास दहाला तेरा. त्याचा वर्ग १.६९. वरचे बासष्ट किलो खाली एकशेपाच होतात. नातवाने हे फोनवर न बघता केलं आणि शाळेत हे असं का शिकवत नाहीत, असं विचारलं. त्याच्या शाळेत बहुधा असंच शिकवत असावेत, पण आम्ही गप्प राहिलो.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पेडलावर, एक खाली स्क्रूपाशी. काका ओरडायचे, "दाब... धर... सोड!" धर म्हटल्यावर खाली स्क्रू उघडायचा, बुडबुडे गेले की बंद करायचा, मग सोड. तो कधी उघडा असताना सोडलं तर हवा उलटी आत जाते. अख्ख्या गल्लीत ते तीन शब्द अर्धा तास घुमत होते. शेवटी पेडल पायाखाली लोण्यासारखं न जाता नीट भरीव लागलं.

राहिला मोकळा खेळ. सिलिंडरचा दांडा दट्ट्याला टेकायच्या आधी पेडल किंचित रिकामं हलायला हवं. आमच्या गाडीच्या पुस्तकात पेडलाच्या टोकाशी एक ते पाच मिलिमीटर दिलं आहे. हे ठेवलं नाही तर दट्ट्या पुरता मागे येत नाही, टाकीकडचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, तेल तापून फुगलं की त्याला जायला जागा नसते आणि क्लच पाय न लावता थोडा थोडा सुटत जातो. चढावर गाडी ओढेनाशी होते आणि सगळे इंजिनाला दोष देतात. आम्ही तीन मिलिमीटर ठेवलं आहे.

एक गोष्ट काकांना नवी होती. इथल्या गाडीत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, पेडलापाशी त्यासाठी एक स्विच असतो. ऑटोमॅटिक असताना 'पार्क' किंवा 'न्यूट्रल' लागायचं, त्या वायरी आता या स्विचमधून नेल्या. काकांना तो जाच वाटला. रेल्वे फाटकात गाडी बंद पडली तर पहिला गिअर टाकून स्टार्टरवरच ती ढकलत रुळांपलीकडे नेता येते, ते कसं करणार? ओहायोत रेल्वे फाटकं आहेत, त्यामुळे प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. तरी स्विच ठेवला. सोळा वर्षांची मुलं ही गाडी चालवणार आहेत.

सप्टेंबरच्या शेवटी ग्रंथालयामागच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळचे धडे सुरू झाले. काकांची पद्धत अशी की पहिला अर्धा तास अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. क्लच हळूहळू वर आणायचा, गाडी थरथरली की तिथेच पाय थांबवायचा. हा हाफ क्लच. ती जागा पायाला सापडली की बाकी सगळं आपोआप येतं. साठीच्या एका मावशी नुसत्या बघायला आल्या होत्या. त्या १९८० च्या सुमारास नाशिकला फियाटवर शिकल्या होत्या, स्टिअरिंगच्या बाजूला गिअरची दांडी असलेल्या. इथे त्यांनी चाळीस वर्षं क्लचला पाय लावला नव्हता. बसल्या, आणि पहिल्या खेपेला गाडी एक हिसकाही न देता निघाली. आमच्यातले पीएच.डी. झालेले दोघे तिथे पाचपाचदा गाडी बंद पाडून बसले होते.

शेवटच्या रविवारी नातवाने काकांना गाडीत बसवलं. पार्किंगमध्ये त्यांनी एक फेरी मारली. पाय अचूक पडत होते. डावा हात मात्र दर वेळी गिअर टाकायला खाली जायचा आणि दारावर आपटायचा, कारण इथे गिअर उजवीकडे. "पाय लक्षात ठेवतो, हात विसरत नाही," असं म्हणत ते उतरले. चार दिवसांनी त्यांचं विमान होतं. किल्ली त्यांनी खिशातून काढली, नातवाच्या हातात दिली आणि त्याने ती सचिवांकडे पोचवली.

तर आता सूचना. गाडी हवी असेल तर सचिवांकडे नाव नोंदवावं. ज्यांचा धडा झालेला नाही त्यांना किल्ली मिळणार नाही, पदाधिकाऱ्यांनाही नाही. चालवताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवू नये, बाजूला पायाला जागा आहे. तेल बदलल्याची तारीख टाकीच्या झाकणावर लिहिली आहे, दोन वर्षांनी ते बदलायचं. दर सहा महिन्यांनी पत्रा तपासायची जबाबदारी नातवाने घेतली आहे. त्यासाठी एक काडी आणि चिकटपट्टी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेली आहे. काडी उदबत्तीची आहे, कोणी पेटवू नये.